नववी गाळून दहावी, मग बारावी: वर्ष कुठे वाचते आणि कुठे वाचत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नाशिकमध्ये स्टेट बोर्डाच्या शाळेत आठवीत आहे. अभ्यासात पुढे आहे, वर्गात कंटाळते. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) दहावी-बारावी लवकर करून एक-दोन वर्षे वाचवता येतील का? की त्यापेक्षा राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा फॉर्म भरावा? पुढे काय करायचे ते ठरलेले नाही, पण इंजिनिअरिंग किंवा मेडिकल डोक्यात आहे.

एक वर्ष वाचू शकते. दोन वाचतील असे कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून पुढची माहिती घेऊ नका. ते एक वर्षही मुलगी किती हुशार आहे यापेक्षा तिची जन्मतारीख काय आहे यावर ठरते. म्हणून आधी हिशोब करा, शाळेचा विचार नंतर.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, दहावीच्या प्रवेशासाठी १४ वर्षे पूर्ण मागते आणि बारावीसाठी १५. वरची मर्यादा नाही. वर्षातून दोन परीक्षा होतात. एप्रिल-मेच्या परीक्षेसाठी प्रवेश आदल्या वर्षी १६ मार्च ते ३१ जुलै या काळात होतात आणि वय ३१ जुलैला मोजतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेसाठी प्रवेश १६ सप्टेंबर ते ३१ जानेवारी, वय ३१ जानेवारीला. तारखा अधूनमधून विलंब शुल्कासह वाढतात, पण वाढीव तारखेवर विसंबून बेत आखू नये.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक वाचत नाहीत. दहावी उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षे पूर्ण झाल्याशिवाय बारावीचे प्रमाणपत्र मिळत नाही. एनआयओएसमध्ये त्या दोन वर्षांच्या आत जास्तीत जास्त चार विषय देऊन ठेवता येतात. पाचवा दोन वर्षे झाल्यावरच. १७ नंबरच्या फॉर्मने बारावीला बसायचे तरी दहावीनंतर दोन वर्षांचे अंतर लागते. म्हणजे दहावी ते बारावी हा टप्पा कुठूनही गेलात तरी दोन वर्षांचाच आहे. वाचवण्याजोगी जागा दहावीच्या अलीकडे, आठवी ते दहावीच्या मध्ये आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

आता तारखा घालून पाहू. समजा मुलीचा जन्म १५ जून २०१२ चा आहे आणि ती जून २०२६ मध्ये नववीत जाणार आहे. ३१ जुलै २०२६ ला तिला १४ पूर्ण झालेली असतील. प्रवेश जुलैच्या आत, दहावीची परीक्षा एप्रिल २०२७, बारावी एप्रिल २०२९, पदवीचा प्रवेश जून-जुलै २०२९. शाळेतच राहिली असती तर दहावी फेब्रुवारी-मार्च २०२८, बारावी फेब्रुवारी-मार्च २०३०. सरळ एक वर्ष वाचले.

तिच्याच वर्गातली मैत्रीण नोव्हेंबर २०१२ ची आहे. जुलैला तिचे वय १३. ती ३१ जानेवारी २०२७ पर्यंत प्रवेश घेऊ शकते, ऑक्टोबर २०२७ ला दहावी देऊ शकते, म्हणजे शाळेतल्या मुलींपेक्षा चार-पाच महिने आधी. घरात पेढे वाटले जातात. पण दोन वर्षांच्या नियमाने बारावी ऑक्टोबर २०२९ ला, निकाल वर्षाच्या अखेरीस, आणि कॉलेजचे दार उघडते जून २०३० ला. वर्गातल्या बाकीच्या मुलीही त्याच जूनमध्ये तिथे पोचतात. शाळा सोडली, खासगी शिकवणी लावली, नातेवाइकांना उत्तरे देत बसलो, आणि हाती काही नाही. (सीए करायचे असेल तर अपवाद: सीए फाउंडेशनची परीक्षा जानेवारीतही होते, नोंदणी दहावीनंतर करून ठेवता येते, आणि बारावीला बसलेल्याला ती देता येते. तिथे ऑक्टोबरची बारावी खरोखर कामाला येते. नोंदणी मात्र परीक्षेच्या चार महिने आधी झालेली हवी.)

तर नियम हा: नववीच्या जून-जुलैत १४ पूर्ण होत असतील तर एक वर्ष वाचते; होत नसतील तर वाचत नाही. पहिलीत उशिरा घातलेली, आठवीत जातानाच १४ ची झालेली मुले कागदावर दोन वर्षे वाचवू शकतात. पण अशा मुलांनी सातवीतून थेट दहावीची पुस्तके उघडायची असतात. आकड्यांवर जाऊ नका. फार थोड्यांना ते पेलते.

वर्ष वाचत असेल तरी त्याचा उपयोग आहे का, हे शेवटाकडून मोजा. मेडिकलसाठी नीट द्यायची तर प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण लागतात. वरच्या उदाहरणातली जून २०१२ ची मुलगी जून २०२९ मध्ये १७ ची होते, म्हणजे ती बसते. २०१३ च्या जानेवारीत जन्मलेले मूल २०२९ ला बसत नाही, मग त्याने बारावी कितीही लवकर केलेली असो. एनडीएला अभ्यासक्रम सुरू होताना साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस ही चौकट असते. इंजिनिअरिंगला, जेईई मेनला, पाच वर्षांच्या लॉला किमान वयाची अट नाही, त्यामुळे वाचलेले वर्ष तिथे पूर्ण पदरात पडते. यूपीएससीचे स्वप्न असेल तर २१ वर्षांची अट आहे. विशीच्या आत पदवी मिळाली तरी थांबावेच लागते, आणि ती थांबण्याची वर्षे शाळेत घालवलेल्या वर्षापेक्षा सुखाची असतात असे नाही.

या हिशोबातून गाडी पुढे गेली तरच बाकीचे वाचा.

१७ नंबर की एनआयओएस

१७ नंबरचा फॉर्म म्हणजे महाराष्ट्र राज्य मंडळाची खासगी विद्यार्थ्यांची व्यवस्था. दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण आणि १४ वर्षे पूर्ण ही अट आहे. नाव नोंदणी ऑनलाइन, साधारण जुलैपासून. मग जवळची एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, कागद तिथे द्यायचे, तोंडी आणि अंतर्गत गुण तिथूनच. परीक्षा नेहमीची फेब्रुवारी-मार्चची. फायदे उघड आहेत: बालभारतीची पुस्तके, मराठी माध्यम, नाशिकच्या कुठल्याही क्लासला तोच अभ्यासक्रम, आणि हातात नेहमीचे एसएससीचे प्रमाणपत्र. नाशिक विभागीय मंडळ नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार असे चार जिल्हे सांभाळते, त्यामुळे चौकशीला पुण्याला जावे लागत नाही.

पण ही व्यवस्था शाळा सुटलेल्यांसाठी आहे; घाईत असलेल्यांसाठी ती बनवलेली नाही. दाखल्यावरची शेवटची इयत्ता आणि शाळा सोडल्याची तारीख तिथे बारकाईने पाहतात. आठवीचा ताजा दाखला घेऊन त्याच वर्षी दहावीचा फॉर्म भरणार असाल तर दाखल्याची प्रत घेऊन आधी विभागीय मंडळात विचारा, फॉर्म नंतर भरा. बारावी विज्ञानासाठी तर हा रस्ता डोक्यातून काढून टाका. प्रॅक्टिकलचा प्रश्न सुटत नाही. कला आणि वाणिज्यासाठी ठीक.

वर्ष वाचवणे हा हेतू असेल तर एनआयओएस जास्त मोकळा रस्ता आहे. एकदा प्रवेश घेतला की तो पाच वर्षे चालतो, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका परीक्षेत पाचही विषय द्यायची सक्ती नाही. तीन एप्रिलला, दोन ऑक्टोबरला असे चालते. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के.

प्रवेश आणि कागद

प्रवेश स्वतः ऑनलाइन करा. फॉर्म कठीण नाही, तासाभराचे काम आहे. जन्माचा दाखला, आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा आणि आठवीचे प्रगतिपत्रक पुरते. आठवीचा कागद नसेल तर दहावीचा अभ्यास करण्याइतके शिकलो आहे असे स्वयंघोषणापत्र चालते.

चूक हटकून होते ती नावात. आपल्याकडे शाळेत आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो. आधारवर अनेकदा उलटा. एनआयओएसच्या फॉर्ममध्ये विद्यार्थी, आई आणि वडील यांच्या नावांचे रकाने वेगळे. जन्मदाखल्यावर 'स्नेहा', आधारवर स्पेलिंग वेगळे, आणि फॉर्म भरताना घाईत तिसरेच. पुढे जेईई, सीईटी, पासपोर्ट, सगळीकडे ही तिन्ही नावे एकमेकांशी भांडतात. आधी आधार दुरुस्त करा, ते हातात आले की फॉर्म भरा. प्रमाणपत्र छापून आल्यावरची दुरुस्ती पुण्याच्या विभागीय केंद्रातून करावी लागते आणि ती महिनोन्महिने रेंगाळू शकते.

स्टडी सेंटर (एनआयओएसचे अभ्यास केंद्र) नाशिक जिल्ह्यातलेच निवडा. हे वाक्य दोनदा वाचा. काही एजंट सोयीसाठी दुसऱ्या राज्यातले सेंटर टाकतात. दहावी-बारावी महाराष्ट्राबाहेरून झाली असे कागदावर दिसले की मेडिकलच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांवरचा आणि इंजिनिअरिंगमधल्या महाराष्ट्र उमेदवारीचा हक्क धोक्यात येतो. डोमिसाइल असले तरी तेवढे पुरत नाही. विज्ञान घ्यायचे असेल तर सेंटरला खरी प्रयोगशाळा आहे का हे स्वतः जाऊन पाहा. यादीत नाव आहे आणि लॅबला कुलूप आहे, असेही असते. लेखी परीक्षेचे केंद्र वेगळे येऊ शकते. देवळाली कॅम्पच्या मुलीला मखमलाबाद आले तर तक्रार करून उपयोग नाही, आदल्या दिवशी जाऊन रस्ता पाहून या.

प्रवेश शुल्क आणि परीक्षा शुल्क वेगवेगळे आहेत. प्रवेशाचे पैसे भरले म्हणजे परीक्षेला नाव लागले असे समजून बसणारी घरे दरवर्षी सापडतात. एप्रिलच्या परीक्षेचे शुल्क हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरपासून, पुन्हा लॉगिन करून विषयवार भरावे लागते. ते राहिले की परीक्षा गेली, आणि आपल्या हिशोबात अर्धे वर्ष गेले म्हणजे पूर्ण वर्ष गेले.

विषय निवडताना

दहावीला पाच विषय, त्यात किमान एक आणि जास्तीत जास्त दोन भाषा. हवे तर आणखी दोन जास्तीचे. विज्ञानाकडे जायचे असेल तर मराठी (२०४), इंग्रजी (२०२), गणित (२११), विज्ञान आणि तंत्रज्ञान (२१२), सामाजिक शास्त्र (२१३) हीच यादी धरा. सहावा विषय म्हणून डेटा एंट्री (२२९) किंवा चित्रकला (२२५) घेतला तर एखाद्या विषयात दगा झाला तरी पाच पुरे होतात. हा विम्यासारखा विषय आहे, त्यावर फार वेळ घालवू नका.

गणित-विज्ञान वगळून गृहविज्ञान, डेटा एंट्री, चित्रकला अशी सोपी जुळणी सुचवणारे लोक भेटतील. टक्के छान येतात. मग अकरावी सायन्स किंवा सामनगावच्या शासकीय तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा अवघड होऊन बसतो. १४ व्या वर्षी ही दारे लावून घेण्याचे कारण नाही.

माध्यमाबद्दल एकच. दहावी मराठीतून करता येते आणि मराठी शाळेतल्या मुलीने ती मराठीतूनच करावी. नववी गाळायची, पुस्तके बदलायची आणि त्याच वर्षी माध्यमही बदलायचे, हे तिन्ही एकदम नको. बारावी विज्ञान मात्र इंग्रजीतून धरा.

नऊ महिन्यांचा अभ्यास

इथे मुले अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. एनआयओएसची दहावी अवघड नाही. अवघड आहे ती न शिकलेली नववी, आणि ती दहावीत दिसत नाही, अकरावीत दिसते. स्टेट बोर्डाच्या नववीत विज्ञानात गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धारा विद्युत आणि द्रव्याचे मोजमाप आहे. मोल म्हणजे काय हे तिथे पहिल्यांदा येते. गणितात बहुपदी, दोन चलांतील रेषीय समीकरणे, निर्देशक भूमिती, त्रिकोणमितीची ओळख. हे पाठ चुकवून ७० टक्के मिळवता येतात. मग अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात मोल समोर येतो आणि मुलगी म्हणते, मला केमिस्ट्री जमत नाही. जमत असते, फक्त त्याआधीची पायरी तिच्या पायाखाली नसते.

म्हणून जुलै ते सप्टेंबर एनआयओएसची पुस्तके बाजूला ठेवा. बालभारतीची नववीची गणित भाग १, भाग २ आणि विज्ञानाचे पुस्तक, इतकेच घ्या. तिन्ही ई-बालभारतीवर मोफत आहेत. प्रत्येक सरावसंच वहीत सोडवून. भाषा आणि सामाजिक शास्त्र नववीचे करायची गरज नाही. ऑक्टोबर ते जानेवारी एनआयओएसची पुस्तके, पाचही विषय. फेब्रुवारी-मार्च फक्त मागच्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. रोज साडेचार-पाच तास, आठवड्याचे सहा दिवस, असे धरले तर साधारण हजार तास होतात. त्यातले निम्म्याहून जास्त गणित-विज्ञानाला.

तीन तास सलग लिहिण्याची सवय हा वेगळा अभ्यास आहे. शाळेत चाचण्या, सहामाही, पूर्वपरीक्षा अशी ती आपोआप लागते. घरी शिकणाऱ्या मुलांना उत्तर येत असते, पण अडीच तासांत हात दुखतो आणि शेवटचे वीस गुण कोरे राहतात. डिसेंबरपासून आठवड्याला एक पूर्ण पेपर कागदावर, आई-वडिलांखेरीज दुसऱ्या कुणीतरी तपासलेला.

टीएमए, म्हणजे शिक्षकांनी तपासायचे स्वाध्याय, याला लेखीच्या गुणांतला २० टक्के वाटा आहे. अभ्यासक्रमाचाही एक भाग फक्त स्वाध्यायांसाठी आणि उरलेला परीक्षेसाठी असा वाटलेला आहे, त्यामुळे कुठला धडा कशासाठी हे विषयाच्या माहितीपत्रकात आधी पाहा. नाहीतर परीक्षेत न येणाऱ्या धड्यांवर महिना जातो. एप्रिलच्या परीक्षेचे टीएमए साधारण जानेवारीअखेर अपलोड करायचे असतात. स्वतःच्या अक्षरात, स्कॅन स्वच्छ, प्रत्येक पानावर नाव आणि नोंदणी क्रमांक. ते दिले नाहीत तर ते गुण गेले, आणि ८० टक्क्यांच्या आत जे जमेल त्यावर समाधान मानायचे. दुसऱ्याकडून उतरवून घेतलेले टीएमए ओळखू येतात, आणि त्या धड्यांचा अभ्यास झाला नाही तो नाहीच.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदार घरांसाठी एक सूचना. एप्रिलची परीक्षा खरड छाटणीत आणि ऑक्टोबरची गोडी छाटणीत येते. एनआयओएसने मुद्दाम केलेले नाही, पण घरात त्या महिन्यात मुलाला अभ्यासाची खोली मिळणार का हे आधी ठरवा. शहरातल्यांनी २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातला सिंहस्थ ध्यानात ठेवावा. ऑक्टोबरच्या सत्राची तयारी आणि प्रॅक्टिकल त्याच्याच आगेमागे येतात.

दहावीनंतर: परत कॉलेजात, की पुढेही मुक्त

विज्ञान घेणाऱ्या बहुतेक मुलांसाठी माझा सल्ला असा: दहावी एनआयओएसमधून, अकरावी-बारावी नेहमीच्या कॉलेजात. वर्ष वाचायचे ते दहावीत वाचून झालेले असते. पुढची दोन वर्षे तशीही दोनच आहेत. मग प्रयोगशाळा, मित्र आणि शिक्षक सोडून देण्यात काय मिळते? एचपीटी-आरवायके किंवा केटीएचएमच्या लॅबमध्ये दोन वर्षे हात मळवणे आणि सेंटरवर परीक्षेआधी उरकलेली प्रॅक्टिकल्स यात फरक आहे.

इथे एक अडचण नक्की येते. एनआयओएसच्या एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल साधारण जूनमध्ये लागतो, आणि अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया त्याआधीच सुरू झालेली असते. अर्जाचा भाग १, म्हणजे स्वतःची माहिती, निकालाची वाट न पाहता भरून ठेवा. बोर्ड निवडताना 'इतर' नव्हे, यादीतले एनआयओएस. निकाल लागला की गुण टाकून भाग २ लगेच. पहिली फेरी निसटली तरी पुढच्या फेऱ्या असतात, पण हव्या त्या कॉलेजच्या जागा कमी झालेल्या असतात. एखादे कॉलेज 'मुक्त विद्यालय चालत नाही' म्हणाले तर ते चूक आहे. एनआयओएसचे प्रमाणपत्र इतर मान्यताप्राप्त मंडळांच्या बरोबरीचे आहे. वाद घालू नका, लेखी मागा. सूर बहुधा तिथेच बदलतो.

खेळाडू, गाणे-तबला गंभीरपणे करणारे किंवा जेईईच्या क्लासला पूर्ण वेळ देणारे बारावीही एनआयओएसमधून करतात. त्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली: दोन वर्षांच्या आत चार विषय देता येतात म्हणून फिजिक्स (३१२), केमिस्ट्री (३१३), मॅथ्स (३११) आधी संपवू नका. जेईई अॅडव्हान्स्डला बारावी पहिल्यांदा त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी दिलेली लागते. पीसीएमचे पेपर दोन-तीन सत्रांत विखुरले की 'पहिल्यांदा' कधी हा घोळ होतो. आधी इंग्रजी (३०२) आणि पाचवा विषय संपवा, पीसीएम शेवटच्या एप्रिलला एकत्र. दुसरी: एनआयटीला बारावीत ७५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ६५, किंवा मग आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावे लागते. ३३ टक्क्यांची सवय झालेल्या मुलांना हे आकडे उशिरा कळतात. तिसरी: एमएचटी-सीईटी स्टेट बोर्डाच्या अभ्यासक्रमावर असते, २० टक्के अकरावी, ८० टक्के बारावी. एनआयओएसची पुस्तके वाचून सीईटी देणारा मुलगा अनोळखी धड्यांवर गुण घालवतो. सीईटीसाठी बालभारतीची अकरावी-बारावी वेगळी करावीच लागते, आणि तो भार हिशोबात धरा. प्रॅक्टिकलमध्ये ३३ टक्के वेगळे लागतात; लेखीतले जास्तीचे गुण तिथे मदतीला येत नाहीत.

जे रस्ते रस्ते नाहीत

एनआयओएसची ऑन-डिमांड, म्हणजे मागणीनुसार देता येणारी परीक्षा: 'महिन्याभरात दहावी' ही जाहिरात यावरून निघते. ही सोय मान्यताप्राप्त मंडळात नापास झालेल्यांसाठी आणि बारावी झाल्यावर एखादा विषय जास्तीचा घेणाऱ्यांसाठी आहे. पहिल्यांदा दहावी देणाऱ्या मुलीसाठी नाही.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ: मुख्यालय गोवर्धनला, आपल्याच गावात, त्यामुळे नाशिकमध्ये हा गोंधळ जास्त. ते विद्यापीठ आहे, शालेय मंडळ नाही. तिथल्या पूर्वतयारीबद्दल ऐकलेले असेल. ती शिक्षण सुटलेल्या प्रौढांसाठी आखलेली होती आणि तिचे प्रमाणपत्र म्हणजे बारावी नव्हे. इंजिनिअरिंग, मेडिकल, सीईटी कुठेही ती चालत नाही.

अमेरिकन जीईडी (शाळा पूर्ण केल्याच्या बरोबरीची परीक्षा): किमान वय १६, चार विषय, प्रत्येकी २०० पैकी १४५ ला पास. अमेरिकेत त्याला किंमत आहे. भारतात बारावीच्या जागी ते धरून इथल्या प्रवेशाचा बेत करू नका. परदेशीच जायचे ठरलेले असेल तरी त्या विशिष्ट विद्यापीठाला आधी विचारा.

केंब्रिजची आयजीसीएसई आणि ए-लेव्हल या दहावी-बारावीच्या तोडीच्या परीक्षा खासगी उमेदवार म्हणून देता येतात आणि वेगात देता येतात, पण खर्च मोठा, परीक्षा केंद्र बहुधा मुंबई-पुण्यात, आणि भारतीय विद्यापीठासाठी समकक्षतेचा कागद लागतो. तो कोणत्या अटींवर मिळेल हे पहिल्या परीक्षेची फी भरण्याआधी पाहायचे असते. लोक शेवटच्या निकालानंतर पाहतात.

दहावीनंतर डिप्लोमा: तीन वर्षे, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. बारावी टळते, वर्ष वाचत नाही. हात चालवायला आवडणाऱ्या मुलांसाठी मात्र यापेक्षा चांगला रस्ता क्वचितच असतो.

आणि एजंट. एनआयओएसच्या शुल्काच्या कित्येक पट घेऊन ते एवढेच करतात की तुमचा फॉर्म भरतात, आणि लॉगिनचा मोबाइल नंबर स्वतःचा टाकतात. मग प्रत्येक ओटीपी, प्रवेशपत्र, निकाल त्यांच्या हातात. 'पास होण्याची हमी' म्हणाले की उठून या.

शाळेचा दाखला

शाळा सोडल्याचा दाखला हा महाराष्ट्रात नुसता शाळेचा कागद नसतो. त्यावर जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अक्षरी असते, आणि जात पडताळणीला तो मागतात. एनआयओएस शेवटी मायग्रेशन आणि ट्रान्सफर सर्टिफिकेट देते, त्यावर जातीची नोंद नसते. म्हणून आठवीच्या दाखल्यावरचे प्रत्येक अक्षर शाळेतच तपासा, जातीचे स्पेलिंग वडिलांच्या दाखल्याशी जुळवा, रंगीत स्कॅन आणि साक्षांकित प्रती करून ठेवा. मूळ दाखला अकरावीच्या कॉलेजला द्यावा लागला तर पावती घ्या. मायग्रेशन पुढे पुणे विद्यापीठाच्या पात्रता अर्जाला लागते, तेही फाइलमध्ये.

दाखला काढायची घाई करू नका. आठवीचा निकाल मे महिन्यात हातात घ्या, जूनमध्ये नववीच्या वर्गात बसू द्या, दरम्यान एनआयओएसचा प्रवेश भरा. नोंदणी क्रमांक आला, स्टडी सेंटर नाशिकचेच लागले, नाव बरोबर छापले गेले, हे सगळे पाहून मग शाळेत अर्ज द्या. तोवर ऑगस्ट उजाडतो. तेवढ्या काळात मुलीने घरी सहा आठवडे रोज साडेचार तास बसून दाखवलेले असले तर दाखला काढा. नसेल तर नववीची जागा अजून तिचीच आहे.